थाळीचा निकाल

निजामाच्या मुलखात आमच्या मामांचं मत नसलेली एकही गोष्ट नव्हती. लिंबागणेशात बैल कुणाचाही असो, दात मामा तपासणार. विहीर कुणाचीही असो, पाणी कुठं लागेल ते मामा सांगणार, आणि नाही लागलं तर "तुमी खणलंच वाकडं" म्हणून मालकालाच झापणार. लेकरांचे कान हा तर त्यांचा खास प्रांत. मूल जन्मलं की थाळी वाजवायची आपल्याकडं रीतच आहे; मामा मात्र चार-पाच वर्षांच्या पोरामागंही गुपचूप जाऊन काशाच्या थाळीवर बत्ता हाणायचे. पोर दचकलं की कान शाबूत. हा निकाल तहसीलदारालाही फिरवता आला नसता. एकदा त्या दणक्यानं शेजारच्या म्हातारीच्या हातातलं ताकाचं मडकं फुटलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "म्हातारीचे कान लई तेज हाईत."

माझी धाकटी बहीण यमुना सदा तोंड उघडं ठेवून वावरायची, झोपेत घोरायची, बारा महिने नाक चोंदलेलं. चार हाका मारल्या तर एकदा वळायची. आईनं मामांना बोलावलं. थाळी वाजली, यमुना दचकली. "ऐकतीय की. पोरगी हट्टी हाय, धाक लावा तिला," मामा म्हणाले. तो धाक आम्ही सगळ्यांनी तीन वर्षं लावला. ओ देत नाही म्हणून मीही तिच्या पाठीत धपाटे घातले. कान वाहायला लागला तेव्हा मामांनी त्यात लसणाचं कोमट तेल घातलं.

शेवटी बीडच्या एका डॉक्टरानं तिच्या घशात आरसा घालून पाहिलं. नाकामागं मांस वाढलंय, त्यानं कानाची वाट बुजलीय, म्हणाला. अशा लेकरांना दणका ऐकू येतो, साधं बोलणं ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी गाडी जुंपली आणि जालन्याहून आगगाडीनं तिला हैद्राबादला नेलं. मी बरोबर होतो. तिथं मांस कापून काढलं, यमुना तोंड मिटून श्वास घ्यायला लागली. पण कानाचे पडदे तोवर कामातून गेले होते. दोन वर्षं आधी आणायला हवी होती, असं तिथला डॉक्टर म्हणाला.

जालन्याहून परतताना मामा गाडीत पुढं बसले होते, आमच्याकडं पाठ करून. न वळताच म्हणाले, "यमे, माजं चुकलं गं." मामांच्या तोंडून असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. यमुना कडेची ज्वारी बघत होती. मी तिला हलवून मामांकडं बोट दाखवलं, तशी ती विचारू लागली, "काय म्हनता, मामा?"

मामा वळले, तिच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणवलं नाही.

मामा जाऊन आता कैक वर्षं झाली. ते काय म्हणाले होते, हे मी यमुनेला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर तिच्यासमोर बसून, सावकाश, माझ्या वतीनंही म्हणावं लागेल.