नयाचं पाणी

शेगावात मी टिकले ती आत्याबाईंमुळे, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. आत्याबाई म्हणजे आमच्या लॉजमालकांची सख्खी आत्या. उन्हाशी एवढ्या हट्टाने भांडणारी बाई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. सगळं जग झाडं लावतं पावसाळ्यात. आत्याबाई लावायच्या होळी झाली की. गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही अशा दिवसांत डोक्यावर ओला पंचा टाकून त्या झिनिया, सदाफुली आणि ऑफिस टाइमची रोपं टोचत बसायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "पावसायात तं दगडालेही पालवी फुटते. त्यात आपलं काय?"

कुंडी नावाची वस्तू त्यांनी जन्मात विकत घेतली नाही. लॉजमधून जे बाद व्हायचं ते गच्चीवर चढायचं. तडा गेलेलं वॉशबेसिन, फ्लशची टाकी, तेलाचे डबे. आणि दर्शनाला आलेली माणसं घाईत जे विसरून जात, ते तर विचारूच नका. त्यात माती भरायच्या आधी मात्र त्या वर्षभर थांबायच्या, माणूस परत आला तर म्हणून. एकदा परभणीकडचे एक गृहस्थ खरंच दीड वर्षाने आपला कुकर शोधत आले. आत्याबाईंनी त्यांना गच्चीवर नेलं. कुकरमध्ये तांबडा झिनिया डवरला होता. "न्या बाप्पा, तुमचाच हाय. पण झाडासंगं न्या, उपटाचं नाही." गृहस्थ शिट्टी तेवढी खिशात घालून गेले.

आणखी एक खोड होती. खोली रिकामी झाली की चादरी बदलायला मी जायची, तर आत्याबाई आधीच पोचलेल्या. पाहुण्यांनी अर्धवट पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून त्या एका हंड्यात ओतायच्या आणि तो हंडा जिन्याजिन्यावर दम खात गच्चीवर न्यायच्या. गच्चीवर बोरचं पाणी असताना झाडांना उष्टं पाणी, ही काय कंजुषी, असं मला वाटे. बोलायची हिंमत नव्हती. मी आठवीत शाळा सोडलेली, कोकणातून ओळखीच्या एका बाईंच्या भरवशावर इथवर आलेली, आणि मुळात भित्री. पहिल्याच महिन्यात मी दोन खोल्यांच्या चाव्यांची अदलाबदल केली. मालक म्हणाले, "अजून एक चूक केली तं गाडी धर." आत्याबाई मध्ये पडल्या. "तिले मी ठेवलं हाय. तू तं सोताच्या लग्नात दुसऱ्याच्या मांडवात जाऊन जेवला होता. तुले कोणं हाकललं?" पुढे बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्मही आत्याबाईंनीच मला भरायला लावला, म्हणून आज हे चार शब्द लिहिते आहे.

एके वर्षी ऐन चैत्रात भाचीच्या बाळंतपणासाठी त्यांना पंधरा दिवस जळगाव जामोदला जावं लागलं. गच्ची माझ्या हवाली झाली. बेसिनमधल्या मोगऱ्यापाशी त्या जरा जास्त थांबल्या. डोणगावचं सासरचं घर सुटलं तेव्हा तिथून आणलेली तेवढी एकच खूण होती ती. एसटीच्या खिडकीतून त्यांनी शेवटचं बजावलं, "बाटल्याईचं पुरणार नाही वं पोरी. नयाचं पाणी टाकजो."

नया म्हणजे नवं, ताजं. इथल्या बोलण्यात हिंदी इतकी मिसळलेली, की मला शंकाच आली नाही. उलट बरं वाटलं, उष्टं पाणी एकदाचं सुटलं. रोज सकाळी बोरची मोटर लावायची, आधीचं पाणी सोडून द्यायचं आणि अगदी ताजं झाडांना घालायचं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. मी उन्हाला दोष दिला आणि पाणी दुप्पट केलं. दहाव्या दिवशी मातीवर पांढरं काहीतरी फुलून आलं. पंधराव्या दिवशी मोगऱ्याची फांदी हातात मोडून आली. आत हिरवा धागा नव्हता.

आत्याबाईंनी आल्या आल्या चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"कोणतं पाणी देलं?"

"तुम्ही सांगितलेलं. नया. रोज ताजं, बोरचं."

त्या कठड्याला टेकल्या. "अवं, नय. नयाची तोटी. तुमच्याकडं काय म्हणतेत, नळ." त्यांच्या तोंडी 'ळ'चा 'य' व्हायचा, 'ळ' तोवर कधी आलाच नव्हता. या भागात बोरचं पाणी खारं, गोडं पाणी काय ते चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नगरपालिकेच्या नळाचं. इथे हे पोराटोरांना ठाऊक असतं, म्हणून मला सांगायचं कोणाच्या मनात आलं नाही. आणि जमिनीतून खारं पाणी निघतं हे आमच्या डोंगराखालच्या गावात माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

तेवढ्यात मालक वर आले. "आत्या, हे कोणं केलं?"

"म्याच तिले बोरचं टाकाले सांगतलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "ध्यानात नाही राह्यलं."

मी बादली धरून तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही.

मालक रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "जलम इथं गेला आत्या, अन् तू बोरचं सांगतलं? आता तुले आराम पाह्यजे." त्या दिवसापासून त्यांना जिना चढू देईनात. महिन्याभरात डबे, बेसिन, कुकर भंगारात गेले आणि गच्चीवर पत्र्याचं शेड घालून खाटा पडल्या. करायला काही उरलं नाही तेव्हा आत्याबाई भाचीकडेच राहायला निघाल्या. मी बॅग उचलून स्टँडवर गेले. "काऊन रडून राह्यली वं? तुह्या नोकरीपक्षा मोगरा मोठा हाय का?" एवढंच म्हणाल्या.

नोकरी राहिली. आता मी काउंटरवर बसते. जुनं गिऱ्हाईक आत्याबाईंची चौकशी करतं, तेव्हा मालक म्हणतात, "आत्या लय भली, पण शेवटी शेवटी इसरून जाये." मी उगाच कागद चाळते. जळगाव जामोदच्या गाडीत दोनदा बसले आणि दोन्ही वेळा सुटायच्या आधी उतरले. पण एक दिवस मालकांना सोबत घेऊन जाणार आहे, आणि आत्याबाईंच्या देखत सांगणार आहे, की त्या काही विसरल्या नव्हत्या. त्यांचं एवढं देणं माझ्याकडे राहिलं आहे. त्यांना ते ऐकू येईल अशा बेताने, वेळेवर, मी ते फेडीन.