जावेदनं धरलेला नंबर

रशीदचाचांचं नाव आधी सांगून टाकतो. पुढचं वाचल्यावर त्यांचं नाव माझ्या तोंडी तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधीच. आष्टीहून कड्याकडं जाताना रस्त्याला लागून त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. पळता पळता फुटबॉल पायाशी कसा ठेवायचा, समोरचा अंगावर आला की खांदा कुठं टाकायचा, हे मला त्यांनी शिकवलं. नववीत शाळा सोडलेल्या पोराला एवढ्या लांबच्या मोठ्या क्लबात दोन वेळचं जेवण, पायात बूट, पाठीवर नंबर — सगळं त्यांच्यामुळं. आणि त्यांच्याशी मी काय केलं, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आईला नाही. बहिणीला नाही. ज्याच्यासोबत खोलीत राहतो त्यालाही नाही.

मग आताच का? गेल्या आठवड्यात कोचनं बोलावलं. त्यांची भाषा मला अजून अर्धीच कळते, म्हणून समजावून सांगायला दुसरा माणूस बसवला होता. क्लबाला मी पुढची बरीच वर्षं हवाय, असं तो म्हणाला. बाकीची पोरं येतील-जातील, उजवी कड मात्र माझी. मी पायातल्या बुटांकडं बघत राहिलो. लाजलो, असं त्यांना वाटलं असेल.

घरी कळवायच्या आधीच जावेदला कुठून तरी कळलं होतं. जावेद म्हणजे रशीदचाचांचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्यानं बोलून धाडलेला मेसेज आला फोनवर — "गण्या, लई मोठा झालास बे! आता तरी डाव्या पायानं मारायला शीक. का अजून तो पाय शोभंला ठेवलाय?" आणि मग हसत — "तुझ्या घरचा ड्रम भरला बरं का. यंदा बी पाण्याला टँकरच हाय." ते मी कितीदा तरी ऐकलं. अजून पुसलेलं नाही.

मी फिरूनफिरून बोलतोय, माहीत आहे मला. सांगतो.

त्या साली आमच्याकडं पाऊसच झाला नव्हता. ऊस नाही म्हणून साखर कारखान्याची चिमणी पेटलीच नाही, आणि उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तो गाडीतळ रिकामा पडला. एरवी तिथं बैल, पाचट, चिखल. त्या वर्षी नुसती टणक जमीन. चाचांनी तिथं जळक्या ऑइलनं रेघा ओढल्या आणि जुन्या टायरांचे गोलपोस्ट उभे केले. तरुणपणी हैदराबादेत गॅरेजात काम शिकताना ते मोहल्ल्याच्या संघात खेळायचे. आम्ही पाच-सहा पोरं जमायचो. जावेद डाव्या कडेनं, मी उजव्या. खरं सांगायचं तर जावेद माझ्यापेक्षा चांगला होता. थोडा नाही — चांगलाच. हे लिहितानासुद्धा पेन अडलं.

माझे आई-बाप ऊसतोडीला खाली साताऱ्याकडं गेले होते. घरी मी आणि धाकटी मंगल. आईला बोलायचं झालं की टोळीच्या मुकादमाच्या फोनवरून चाचांच्या फोनवर लावायची. म्हणून तो फोन वाजला की उचलायची मला मुभा होती. चाचांनीच दिलेली. ती मी कशाला वापरली?

चाचांच्या ओळखीचे एक सर शहरात पोरं घडवायचे. ते आम्हा दोघांना बघायला येणार होते. त्यांच्या होस्टेलात जागा एकच. चाचा आम्हाला समोर बसवून बोलले होते, "दोघं बी जीव लावून पळा. ज्याला नेतील तो जाईल, दुसऱ्यानं तोंड पाडायचं न्हाई." रविवारी संध्याकाळी यायचं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. चाचा ट्रॅक्टरखाली होते, नुसते पाय दिसत होते. जावेद पाना आणायला आत गेला होता. मी उचलला. सर होते. संध्याकाळी जमणार नाही, सकाळीच येतो, दोघांना तयार ठेव, असं रशीदला सांग, म्हणाले. मी "हो सर" म्हणालो. ट्रॅक्टरखालून आवाज आला, "कुणाचा हाय रे?"

आणि मी म्हणालो — "मुकादमाचा. आई बोलली."

कसं सुचलं? विचार केला नव्हता. खरंच नव्हता. पण दुसऱ्या खोट्याला केला होता, ते लपवत नाही.

"बरी हाय ना?" चाचांनी विचारलं. बरी हाय, म्हणालो. आणि पाना घेऊन आलेल्या जावेदकडं बघितलंही नाही.

रविवार आमच्या वस्तीचा टँकरचा दिवस. टँकरचं कसं असतं — कधी येईल सांगता येत नाही, म्हणून सकाळपासूनच ड्रम लाईनीत लावायचे. नुसते लावून चालत नाही. पाईप सुटला आणि ड्रमापाशी माणूस नसला, की ड्रम पायानं बाजूला. मग पुढच्या टँकरपर्यंत बसा कोरडे. म्हणून ज्यानं नंबर धरला त्यानं तिथून हलायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. हा कायदा मला चांगला माहीत होता. त्याच्यावरच तर सगळं रचलं.

सकाळी जावेदला म्हणालो, मुकादमाचा माणूस गाडीतळावर येणार आहे, आईनं काहीतरी धाडलंय, माझ्या घरचा नंबर धर. मंगल लहान आहे, तिला बाया ढकलतात. तो म्हणाला, "जा बे, कावून तोंड बारीक करतो? दोन घरचे नंबर धरतो. फक्त चारच्या आत ये, न्हाईतर सर एकट्या माझ्याच प्रेमात पडतील." आणि आमचा निळा ड्रम स्वतः लोटत नेला.

चाचा सकाळीच कुणाचा तरी बंद पडलेला ट्रॅक्टर बघायला शेतावर गेले होते. मी गाडीतळावर गेलो. चिंचेच्या झाडाखाली बसलेली दोन-तीन पोरं गोळा केली. सर आले. पहिलंच विचारलं, "रशीदचा पोरगा कुठाय?"

इथं थांबतो जरा.

त्या वेळी अजून सगळं परत फिरवता आलं असतं. वस्ती किती लांब होती? हाकेच्या थोडी पलीकडं. मी धावत गेलो असतो — धावणंच तर येतं मला. मी म्हणालो, "तो येणार न्हाई सर. त्याला गॅरेजच बघायचंय. घरी सांगायला भितो." डोळे खाली घालून म्हणालो, म्हणजे खरं वाटावं. सरांना खरं वाटलं. मग बॉल पायाशी घेऊन मी पळालो. तसा त्याआधी कधी पळालो नव्हतो. ऑइलच्या रेघेला धरून, कुणी मागं लागल्यासारखा. सरांना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं. चाचांशी फोनवर बोलतो म्हणाले आणि निघाले.

मी वस्तीवर परतलो तेव्हा जावेद कमरेपर्यंत भिजलेला. दोन्ही घरचे ड्रम काठोकाठ. "काय धाडलं आईनं?" त्यानं विचारलं. माझे हात रिकामे होते. "माणूस आलाच न्हाई," म्हणालो. त्याला माझीच कीव आली.

संध्याकाळी चाचांनी सांगितलं की सर घाईत होते, सकाळीच येऊन गेले, गण्या तिथं दिसला, त्याला नेतायत. एवढंच. जावेदनं तोंड पाडलं नाही. मला उचलून गॅरेजभर फिरवलं.

निघायच्या दिवशी चाचा मला आष्टीच्या स्टँडवर सोडायला आले. हातात पिशवी होती, पिशवीत बूट. जावेदसाठी आणून ठेवलेले, हे मला माहीत होतं. "तुला बसतील," म्हणाले. बस लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी दंडाला धरलं आणि हळूच विचारलं, "बेटा, त्या दिवशी फोन मुकादमाचाच हुता ना?"

"हो चाचा."

त्यांनी दंड सोडला. "बरं," म्हणाले. "नीट खा-पी."

मला वाटलं, सुटलो. होस्टेलात गेल्यावर काही महिन्यांनी सर बोलता बोलता म्हणाले की त्याच संध्याकाळी त्यांनी चाचांना सगळं सांगितलं होतं. आदल्या दिवशीच्या फोनचंही. जावेदबद्दल मी जे बोललो होतो तेही. म्हणजे स्टँडवर चाचांना सगळं ठाऊक होतं. ते विचारत नव्हते, मला बोलायला जागा देत होते. मी ती जागा घेतली नाही. बूट तेवढे घेतले.

आजवर त्यांनी जावेदला सांगितलेलं नाही. मला कधी टोचलं नाही. आता त्यांचे गुडघे गेलेत, ट्रॅक्टरखाली जावेद शिरतो. आई-बापाला मी कोयता खाली ठेवायला लावला, त्याचं गावात कौतुक आहे. ते दोघं थकलेत, म्हणून टँकर आला की आमच्या घरचा नंबर अजून जावेदच धरतो. इथं सराव सुरू व्हायच्या आधी हिरव्या गवतावर पाण्याचे फवारे सोडतात. पोरं त्यात मुद्दाम भिजतात. मी कडेला उभा राहतो. त्यांना वाटतं, मला सर्दीची भीती आहे.

क्लबाच्या करारावर सही परवा आहे. मी ती करणार. सोडून देणार नाही — उगाच मोठेपणा कशाला आणू? जागा जावेदची होती आणि ती मी ठेवून घेणार आहे, हेही यातच लिहून ठेवतो.

चाचांचं देणं मात्र एक दिवस फेडणार. बूट नेऊन फिटणार नाही, एवढं मला कळतं. सुट्टीत गावी गेलो की टँकरच्या दिवशी पहाटेच दोन्ही घरचे ड्रम मी लावीन आणि हलणार नाही. जावेद येईल, काहीतरी थट्टा करील. चाचांना तिथंच खुर्ची टाकून बसवीन. आणि पाईप सुटायच्या आधी, जावेदच्या तोंडाकडं बघून सांगीन की त्या दिवशी फोन सरांचा होता.