उदाचं अत्तर आणि बाबांचा पाय

पनवेलच्या बाजारातून मी अडीचशे रुपयांचं उदाचं अत्तर आणलं. स्वस्तातलं अत्तर किती टिकतं ते पाहावं म्हणून चार दिवस रोज सकाळी दोन्ही मनगटांवर लावलं. पहिला अर्धा तास लवंग-मिरीचा तिखटपणा, मग जुन्या लाकडासारखा जड वास. साडेसात तास टिकला. किमतीच्या मानाने उत्तमच.

बाबांना मधुमेह आहे आणि तेव्हा तळपायाला जखम होती. पट्टी रोज मीच बदलायचो. बदलताना जखमेचा वास घ्या आणि घाण वास आला तर लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चारही दिवस मी न चुकता वास घेतला. मला उदाशिवाय काही जाणवलं नाही.

पाचव्या दिवशी आठवड्याच्या ड्रेसिंगला सुकापूरच्या दवाखान्यातल्या नर्स मावशी आल्या. पट्टी सुटताच म्हणाल्या, "दादा, तुमाला वास नाय आला? नाक गहाण टाकलंय काय?"

पायाची दोन बोटं कापावी लागली.

घरी आणल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्हाला तरी वास येत होता का?"

"येत होता की," ते म्हणाले. "मला वाटलं, तो सहन होत नाही म्हणूनच तू अत्तर लावतोस."