मामांच्या मागची झील

मामांचं ऑपरेशन गुरुवारी होतं आणि मी रविवारी माइक काढून बसले, यातच माझी अक्कल दिसते. घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी महिनाभर आधी सांगितलं होतं. आणि मी पेपर तपासत बसले होते.

माझे सिद्धनाथमामा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. त्याआधी मेंढरं राखायचे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, एक ओवी रचली होती. सांगोल्याच्या माळावरून मेंढरं निघतात आणि वाटेतला एकेक मुक्काम, एकेक पाणवठा नावानिशी त्यात येतो. पुरी म्हणायला दोन तास लागायचे. आप्पा गेले. मामांच्या मागं झील धरणारा त्यांचा चुलतभाऊ धुळा, ओळ संपत आली की तिचं शेपूट उचलून परत म्हणणारा, तोही दोन वर्षांपूर्वी गेला. ओवी उरली ती एकट्या मामांकडे, त्या घशात.

मामा गाताना डोलतात. डोलले की माइकपासून लांब जातात आणि निम्मे शब्द हवेत विरतात. म्हणून मी त्यांना हेडफोन घालायचं ठरवलं. स्वतःचा आवाज कानात पडला की लांब गेल्याचं त्यांचं त्यांना कळेल. माझा ऑनलाइन शिकवणीचा यूएसबी माइक लॅपटॉपला जोडला, हेडफोनची पिनही लॅपटॉपलाच खुपसली आणि सेटिंगमध्ये आवाज ऐकण्याची खूण केली. पटका उतरवायला मामा तयार नव्हते. पटक्यावरूनच हेडफोन चढवला.

त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि दचकून थांबले.

"सुकन्ये, मागनं कोण म्हनतंय?"

"कुणी न्हाई मामा, तुमचाच आवाज हाय. म्हणा तुमी."

पण ते दर ओळीला थांबायला लागले. आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात यायला उशीर होत होता. ओळ संपली की तिचं शेपूट मागून ऐकू यायचं, आणि मागच्याचं म्हणून झाल्याशिवाय पुढची ओळ उचलायची नाही, ही मामांची जन्माची शिस्त. मी खेकसले, "थांबू नका हो!" मग त्यांनी न थांबता म्हणायचा प्रयत्न केला आणि जीभच अडखळायला लागली. कधी न अडखळलेला माणूस पहिलीतल्या पोरासारखा चाचरत होता. घाबरून माझ्याकडे बघत होता. मला स्वतःचीच चीड आली.

तासभर झटापट केल्यावर माइकच्या बुडाशी एक भोक दिसलं. हेडफोनची पिन तिथं लावायची असते. लावली, लॅपटॉपमधली खूण काढली. आता आवाज जिथल्या तिथं कानात येत होता. मामांनी चार ओळी सरळ म्हटल्या आणि गप्प झाले.

"आता मागं कुनीच न्हाय की."

"तीच तर चूक होती मामा. आता बरोबर झालंय."

"मगाशी धुळ्यागत वाटत हुतं. त्येचा बी आवाज असाच चिरका हुता." त्यांनी घशाला हात लावला. "ऱ्हाऊ दे की चूक."

वेळ नाही, आवाज जपून वापरायला हवा, हे मला कळत होतं. दर ओळीला थांबलं तर ओवी पुरी होणार नाही, हेही कळत होतं. पण मला नाही म्हणवलं नाही. मी पिन परत चुकीच्या भोकात लावली, लॅपटॉपमधली खूणही परत केली.

मामा गायले. ओळ म्हणायची, थांबायचं, कानातल्या धुळ्याला शेपूट पुरं करू द्यायचं, मान हलवायची, मग पुढं. ओवीतली मेंढरं नीरा नदी ओलांडेपर्यंत आवाज टिकला. पुढचे सात मुक्काम राहिले. "उद्या," असं त्यांनी हातानंच सांगितलं. सोमवारी घशातून नुसती हवा आली. मंगळवारी त्यांना दाखल केलं.

तीन आठवड्यांनी मामा घरी आले. गळ्याला भोक, त्यावर फडकं. मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि रेकॉर्डिंग लावलं. दर ओळीनंतर त्यात रिकामी जागा आहे, कारण मागचा आवाज फक्त मामांच्या कानात होता, रेकॉर्डिंगमध्ये आलाच नाही. त्या रिकाम्या जागेत मामांचे ओठ हलायचे. आता धुळ्याची झील तेच धरत होते.

नीरा आली. रेकॉर्डिंग संपलं. मामांचे ओठ थांबले नाहीत.

पुढचे मुक्काम ते म्हणत होते. मी धावत माइक आणून तोंडासमोर धरला. पडद्यावर गळ्याच्या भोकातल्या श्वासाची बारीक थरथर दिसली, बाकी काही नाही. एकही गाव मला ओठांवरून ओळखता आलं नाही.

ओळ संपली की मामा थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. झिलेची वाट बघत. मी माइक धरून नुसती बसले होते.