शेठच्या तळहातावरचं पाणी

माधवगुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका क्रेनपुढे पूजेचा पाट मांडत होते आणि मी संतापाने धुमसत होतो. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. पण संपादकांनी पहिल्या भेटीपासून लिहा म्हणून बजावलं आहे, आणि आमची पहिली भेट अशीच झाली.

मी पनवेलला वकिली करतो. कामावर जखमी झालेल्या किंवा दगावलेल्या कामगारांच्या भरपाईचे दावे लढवणं हे माझं काम, त्यामुळे मी सहसा हबकत नाही. त्या सकाळी एका अपघाताची चौकशी करायला गेलो आणि हबकलो. त्याच क्रेनचा झिजलेला वायररोप तुटून काळूराम नावाचा मजूर नुकताच लोखंडी पत्र्यांखाली गेला होता. आणि आता बघतो तर जागा पाइपने धुऊन लख्ख, क्रेनला झेंडूचा हार, क्रेनचे मालक शेठ सोवळं नेसून तयार! अपघातानंतर यंत्राची शांत, म्हणजे शांतीची पूजा, झाल्याशिवाय कामगार त्याला हात लावत नाहीत, ही बाजारातली रीत. शेठना माल उचलायची घाई होती. पोलिसांना त्यांनी सांगून टाकलं होतं, की हा आमचा माणूसच नव्हे, कुठून तरी आत शिरला आणि मेला. काळूरामकडे ना ओळखपत्र, ना कुठे हजेरीवर नाव. तो शेठच्या कामावर होता हे सिद्ध झालं नसतं, तर त्याच्या बायकोच्या हाती काही म्हणजे काही पडलं नसतं. सोबतचे कामगार माझी नजर चुकवत होते. स्वतःच्या पोटावर पाय कोण आणणार?

काळूरामच्या पत्नी चांगुणाबाई फाटकाशी उभ्या होत्या. डोंगराकडच्या आदिवासी वाडीतून त्या एकट्या आल्या होत्या. वॉचमन त्यांना हटवत होता आणि त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "मी आत नाय येत. माजा मानूस कोनाच्या कामावर व्हता, तवढं सांगा."

गुरुजी समया लावता लावता ते ऐकत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन फटकारलं, "रक्त धुऊन झालं, आता राहिलेलं मंत्रांनी पुसायला आलात का?"

माझ्या काळ्या कोटाकडे पाहत ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही वकील ना? मग इथेच थांबा, आणि जरा गप्प राहा." मी चाटच पडलो.

पूजा सुरू झाली. कामगार भोवती उभे राहिले. शेठनी तळहातावर पाणी आणि अक्षता घेतल्या. गुरुजींनी संकल्पातला देशकाल म्हटला, शेठचं नाव आणि गोत्र घेतलं आणि मध्येच थांबले.

"शेठ, पुढचं मराठीत म्हणू या. शांत कशासाठी आहे ते सगळ्यांना कळू दे. म्हणा, 'माझ्या कामावर असताना मृत्यू पावलेल्या काळूरामसाठी...'"

शेठ दचकले. "संस्कृतमध्येच उरका ना, गुरुजी. तो आपला माणूस नव्हता."

"मग तुम्ही शांतीला बसलात कशाला? ते पाणी टाकून द्या. मी निघतो."

बाहेर ट्रकांची रांग लागलेली. शेठनी कामगारांकडे पाहिलं. मागून एक जण बोलला, "शांत नाय झाली तर आमी क्रेनला हात नाय लावणार, शेठ." पाणी शेठच्या बोटांतून ठिबकत होतं. अखेर ते काहीतरी पुटपुटले. गुरुजी म्हणाले, "मोठ्याने." आणि शेठनी ते वाक्य मोठ्याने म्हटलं! 'माझ्या कामावर' या शब्दांसकट, अख्खं! माझा कानांवर विश्वास बसेना. इतकी वर्षं उलटतपासणी घेतोय, पण असं वाक्य मला एकाही मालकाच्या तोंडून काढता आलं नव्हतं.

गुरुजींनी चांगुणाबाईंना आत बोलावलं. "ऐकलंत?"

"आयकलं," त्या म्हणाल्या. नवा वायररोप येईपर्यंत गुरुजींनी नारळ फोडला नाही, ते वेगळंच.

कोर्टात शेठ अपेक्षेप्रमाणे फिरले. पण तेव्हा माझी नजर चुकवणारे कामगार आता साक्षीला उभे राहिले. एकाने न्यायाधीशांना सांगितलं, "शेठनी हातावर पानी घेऊन कबूल केलंय साहेब. त्या पान्यासमोर आमी खोटं नाय बोलणार." दावा मंजूर झाला. मी देव मानत नाही, तरी त्या दिवशी गुरुजींना वाकून नमस्कार केला.

त्यानंतरही गुरुजी मला धक्के देत राहिले. रोडपालीत एका इमारतीच्या पूजेला ते शेंडीवर हेल्मेट चढवून बसले होते. वर परांचीवर चढलेल्या मजुरांना कमरेचे पट्टे नव्हते, म्हणून ते पोथी उघडेनात. बिल्डर घायकुतीला येऊन म्हणाला, "गुरुजी, मुहूर्त टळतोय!" गुरुजी म्हणाले, "टळतोय खरा." पट्टे आले, तेही धावत आले. मुहूर्ताचा असा उपयोग होऊ शकतो हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं.

या हट्टापायी अनेक मालकांनी त्यांना बोलावणं बंद केलं. घरात ओढाताण झाली असणार, पण त्यांनी त्याचा चकार शब्द काढला नाही. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते रोज दवाखान्यात यायचे. "तुमचा स्तोत्रांवर विश्वास नाही, मग पेपर वाचतो," म्हणायचे आणि अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत वाचून दाखवायचे. आजारपणात मला त्या आवाजाचा फार आधार वाटला.

गेल्या महिन्यात गुरुजींच्या पंचाहत्तरीला त्यांच्या घरी आम्ही सगळे जमलो. ओवाळायला चांगुणाबाई पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमी लय वर्सं जगा. बरं असू द्या तुमचं. पन आमचं मानूस कामावर गेलं म्हून शांत कराया यायची येळ तुमच्यावर पुन्ना येऊ नये. नुस्ता चा प्याया या."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत त्यांनी विचारलं, "येतो. साखर जरा जास्त घालाल ना?"

गुरुजी, आम्हा सर्वांच्या वतीनेही तुमच्याकडे हेच मागणं आहे.