दोन गाण्यांमधली शांतता

न्यूझीलंडमधल्या आमच्या गावातलं कंट्री संगीताचं रेडिओ केंद्र एका ट्रकचालकाने आपल्या गॅरेजमध्ये सुरू केलं. आता ते कोपऱ्यावरच्या डेअरीमागे, म्हणजे इथल्या किराणा दुकानामागच्या खोलीत आहे. गावकरीच ते बिनपगारी चालवतात. ट्रकचालक वारल्यावर शनिवार सकाळचा कार्यक्रम त्याची बायको करत असे. थकल्यावर तिने मला आणि माझ्या नवऱ्याला एकेक शनिवार करून बघायला सांगितलं.

तो कार्यक्रम मला हवा होता. पुण्यात मी रेडिओवर बातम्या वाचत असे. न्यूझीलंडला आल्यापासून माझा आवाज फक्त घरात चालत होता. नवरा गावातला फार्मासिस्ट. माइक बघूनच त्याला घाम फुटतो.

माझ्या शनिवारी प्रत्येक गाण्याची माहिती तयार होती. दोन गाण्यांमध्ये एक क्षणही रिकामा गेला नाही. फोन एकदाही वाजला नाही. लोक मन लावून ऐकताहेत, असं मी समजले.

पुढच्या शनिवारी पहिलं गाणं संपलं आणि नवऱ्याला पुढची रेकॉर्ड सापडेना. मी घरी ऐकत होते. शांतता इतकी लांबली की मला बरं वाटू लागलं. मग फोन वाजला. एका आजींनी गाणं मागितलं आणि लगेच गुडघ्याच्या गोळ्यांचं विचारलं.

"गोळ्यांचं सोमवारी दुकानात बोलू," तो म्हणाला. "आत्ता गाणं ऐका."

त्यानंतर फोन थांबेना.

"अरे, किती वेळ गप्प होतास," तो घरी आल्यावर मी म्हणाले.

"अगं, रेकॉर्ड्सचा पार गोंधळ झाला होता. लोकांनीच सांभाळून घेतलं."

कार्यक्रम त्याला मिळाला. मला केंद्राचा इतिहास लिहायला मिळाला. माहिती देताना ट्रकचालकाच्या बायकोने सांगितलं, की सुरुवातीला गॅरेजमध्ये एकच रेकॉर्ड प्लेअर होता. रेकॉर्ड बदलेपर्यंत केंद्र गप्प राहायचं आणि तेवढ्यात लोक फोन करायचे. दुसरा प्लेअर आला, तरी त्यांनी ती शांतता तशीच ठेवली.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुझ्या नवऱ्यालाही कुठे सांगितलं होतं? तू छान बोललीस गं. पण आम्हाला आत यायला फटच ठेवली नाहीस."

इतिहासात एका प्लेअरची हकिगत आहे. आमच्या दोन शनिवारांची नाही.

परवाच्या शनिवारी एक गाणं संपलं आणि फोन आला नाही. मी ओट्यापाशी उभी होते. मोबाइल हातात होता आणि केंद्राचा नंबर मला पाठ आहे. मी फोन केला नाही. अखेर दुसऱ्याच कुणीतरी केला. नवऱ्याचा जीव भांड्यात पडल्याचं त्याच्या आवाजावरून कळलं.

"ऐकलंस का आज?" घरी आल्यावर त्याने विचारलं.

"अधूनमधून," मी म्हणाले.