भरलेली विहीर

मी तालुक्याचा वार्ताहर. राहतो अंबडला. घरात आम्ही उर्दू बोलतो आणि बातम्या मी मराठीत लिहितो. त्या उन्हाळ्यात वडीगोद्रीच्या अलीकडच्या एका गावाची बातमी मी दोनदा पाठवली होती. गावची विहीर भरलेली होती, पण पाणी मचूळ होतं. त्यात डाळ शिजत नव्हती, चहात दूध टाकलं की फुटायचं, लेकरांच्या अंगाला खाज सुटायची. प्यायचं पाणी बाया शेजारच्या शिवारातून डोक्यावर आणायच्या. दोन्ही वेळा बातमी आतल्या पानावर, जाहिरातीखाली बोटभर आली.

तिसऱ्यांदा पाठवली तेव्हा ती पहिल्या पानावर आली, माझ्या नावासकट. वर भला मोठा फोटो होता. विहिरीच्या काठाशी एक बाई उभी, कमरेवर रिकामा हंडा, नजर खाली कोरड्या तळाकडं. माझ्या मजकुरातलं मचूळ पाणी गायब झालं होतं आणि त्या जागी ‘विहिरीने गाठला तळ’ असं छापलं होतं.

अम्मीनं फोटो बघितला आणि ‘बेचारी’ म्हणाली. मला ती विहीर खटकत होती. गावची विहीर सिमेंटच्या कठड्याची आहे, मी तिथं उभा राहून पाणी चाखलं होतं. फोटोतली विहीर दगडी होती, वर गंजका रहाट. असा रहाट मी शहागडच्या वाटेवर, हायवेच्या कडेला पाहिला होता.

फोटो काढणारा आमच्या पेपरच्या जिल्हा ऑफिसातला. माझ्यापेक्षा वयानं मोठा, या धंद्यात मला त्यानंच आणलेलं. मी त्याला फोन लावला.

“दादा, विहीर कुठली आहे?”

“कुठली म्हंजे? तुझ्याच गावची.”

“तिथं रहाट न्हाई.”

 तो हसून म्हणाला, “भरलेली विहीर कोण बघतं रे? तू दोनदा खरं लिहिलंस, काय झालं? आज सकाळी गावात टँकर गेला. जाऊन बघ.”

मी गेलो. टँकर खरंच आला होता. बाया रांगेत होत्या, माणसं खुशीत होती. सरपंचांनी खुर्ची टाकायला लावली, टँकरच्या पाण्याचा चहा दिला आणि तो मी पिईपर्यंत माझ्याकडं एकटक बघत राहिले. “पत्रकारसाहेब, आता पुन्हा कशाला आले?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सहज. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

फोटोतली बाई रांगेत नव्हती. तिचं घर गावाच्या टोकाला होतं, विचारत विचारत गेलो. मला बघून ती दारातच थांबली, आत या म्हणाली नाही.

“त्याला तुम्हीच पाठिवलं ना?”

“कुणाला?”

“फोटोवाल्याला. तुमचंच नाव सांगत आल्ता.”

मग तिनं सगळं सांगितलं. ती विहिरीवरून जनावरांसाठी पाणी घेऊन येत होती. फोटोवाल्यानं थांबवलं, हंडा रिकामा करायला लावला. जीपमध्ये बसून चला म्हणाला, गावाला पाणी मिळेल म्हणाला. शेजारणीला सोबत घेऊन ती गेली. हायवेच्या विहिरीवर त्यानं तिला इकडून तिकडून उभं केलं. तोंड उतरवा म्हणाला.

“मी म्हटलं, आहे तसंच आहे माझं तोंड.”

ती सांगत होती ते मी ऐकत होतो, पण एक शंका सुटत नव्हती. फोटो कसा छापणार, हे तिला आधीच ठाऊक होतं का? सरपंचांना ठाऊक होतं का? की सगळं गावच ठरवून बसलं होतं आणि एकट्या माझ्यापासून लपवलं होतं? मी तसं विचारलं. तिला राग आला नाही. ती म्हणाली, तिच्या पोराची सोयरीक परतूरकडं ठरत आली होती. पेपरात फोटो आला त्याच दिवशी मुलीकडच्यांचा निरोप आला: जिथं प्यायला पाणी न्हाई तिथं पोरगी देऊन काय करू.

“असं व्हईल हे मला ठाऊक असतं तर मी गेले असते का?” ती म्हणाली.

तिथून परतताना मी संपादकांना फोन केला. दुरुस्ती छापावी लागेल असं म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, “टँकर बंद पडला तर गावाला तोंड कोण दाखवणार? तू?” हा प्रश्न खोटा नव्हता. मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिलो. अम्मीनं विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, “सच लिख्या तो तेरे पे आयेगी, झूट रख्या तो उस औरत पे. सोच ले.”

मी लिहिलं. फोटो दुसऱ्या जागेचा आहे, गावची विहीर भरलेली आहे आणि तिचं पाणी पिण्यासारखं नाही, अशा तिन्ही गोष्टींसकट. सोबत मी काढलेला फोटो दिला: काठोकाठ विहीर आणि शेजारी तळाला पांढरा थर चढलेली घागर. संपादकांनी छापलं, पण आतल्या पानावर. आणि मथळा दिला, ‘गावच्या विहिरीत मुबलक पाणी’.

टँकर थांबला. टँकरचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांनी मला माझंच कात्रण दाखवलं. “तुम्हीच लिहिलंय, पाणी आहे म्हणून.” खालच्या ओळी वाचा, असं मी म्हणालो. मथळ्याच्या खाली त्यांची नजर गेलीच नाही.

गावात चहाच्या टपरीवर गेलो. एकानं सरळ विचारलं, “किती घेतले?” दुसरा म्हणाला, “ह्यांना काय, ह्यांचं गाव थोडंच आहे.” ह्यांचं म्हणजे कुणाचं, अंबडचं की आमच्या मोहल्ल्याचं, ते मी विचारलं नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता. सरपंचांचं म्हणणं असं, की मला त्यांच्या विरोधकांनी फूस लावली. विरोधक म्हणाले, सरपंचांनीच लावली. मलाही प्रत्येकाचा संशय येऊ लागला होता. तो मथळा संपादकांनी घाईत दिला की मुद्दाम, हे मला आजही कळलेलं नाही.

शेवटी मी ठरवलं, पाणी तपासून घ्यायचं. बाटली घेऊन विहिरीवर गेलो तर ती बाई पोराला घेऊन आधीच येऊन उभी होती.

“मी भरते,” ती म्हणाली.

“माझ्यावर भरोसा न्हाई?”

“कुणावरच न्हाई.” तिनं पोहऱ्यानं पाणी काढलं, बाटली विसळली, भरली. मग पदराची कडा फाडून झाकणावर गच्च गाठ मारली. “ही गाठ त्यांच्यासमोरच सुटली पाहिजे. मी येते संगट.”

ती आणि तिचा पोरगा एसटीनं जालन्याला आले. प्रयोगशाळेत बाटली तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. नंबर लागला तेव्हा तिथल्या माणसाला ती म्हणाली, “बराबर माझ्यासमोर सोडा.” त्या माणसानं आधी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, त्या सांगतात तसं करा.

पाणी पिण्यायोग्य नाही असा निकाल आला. तो मी छापायला दिला आणि या वेळी मथळाही मीच लिहून पाठवला, त्यात बदल करायचा असेल तर माझं नाव काढा असं कळवून. जसाच्या तसा आला. टँकर पुन्हा सुरू झाला. त्याला काही दिवस लागले, आणि त्या दिवसांत बायांनी पुन्हा शेजारच्या शिवारातून पाणी आणलं, हेही खरंच.

परतूरची सोयरीक मात्र जुळली नाही. मुलीचे वडील मला एकदा बाजारात भेटले. मी सगळं समजावून सांगितलं, दुरुस्तीचं आणि निकालाचं अशी दोन्ही कात्रणं दाखवली. ते म्हणाले, “पहिलं वाचलं तेव्हा खरं वाटलं. आता हे खरं म्हणता. मंग पुढचं कधी येणार?” मी कात्रणं घडी करून खिशात ठेवली. पुढच्या वर्षी त्या पोराचं लग्न दुसरीकडं झालं. मला बोलावणं होतं, मी गेलो. त्याच्या आईनं पंगतीत मला वाढलं, पण माझ्याशी ती फार बोलली नाही. लग्नातला फोटोवाला कुणाचे फोटो काढतोय ते मात्र ती वाढणं थांबवून बघत होती.

दादाला त्या फोटोबद्दल कुणीतरी पुरस्काराची ढाल दिली. ती त्याच्या ऑफिसात आहे. आम्ही अजूनही सोबत फिरतो, तो गाडी चालवतो आणि मी शेजारी बसतो. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, पुढच्या गावात शाळेचं छप्पर उडालंय. मी विचारलं, कुणी सांगितलं? त्यानं सांगितलं. मग मी त्या सांगणाऱ्यालाही फोन लावला, दादाच्या देखतच. तो रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिला. राग आला नाही, असं तो म्हणाला.